सौ. ॲन जडसनबाई : पुत्रशोक आणि श्रद्धा

थोर स्त्रीपुरुषांची चरित्रे वाचताना आपले लक्ष बहुधा त्यांच्या मोठ्या कृत्यांकडे लागलेले असते. कोणी अपरिचित देशांत गेले, कोणी ग्रंथ रचिले, कोणी राजदरबारी निर्भयपणे उभे राहिले, या गोष्टी आपण आवडीने वाचतो. परंतु ज्या घरात काल बाळाचे हसणे ऐकू येत होते त्या घरात आज शांतता पसरली असता त्या थोर माणसांनी तो दिवस कसा काढला, हे जाणण्याची इच्छा आम्हांस अधिक होते. आमच्या वाचकांत विद्यार्थी आहेत तसे त्यांचे आईबापही आहेत. आणि ज्या घरचा पाळणा अकाली रिकामा झाला अशी घरे त्यांत मुळीच नसतील असे म्हणवत नाही. म्हणून ब्रह्मदेशात, म्हणजे आजच्या म्यानमारमध्ये, कार्य केलेल्या सौ. ॲन जडसनबाई यांचे चरित्र आज आम्ही वाचकांपुढे ठेवीत आहो. त्यांस तीन अपत्ये झाली. त्यांपैकी एकही वाढून मोठे झाले नाही.

ॲन हॅसेल्टाइन यांचा जन्म २२ डिसेंबर १७८९ रोजी अमेरिकेतील मॅसॅच्युसेट्स प्रांतात ब्रॅडफर्ड या गावी झाला. घर सुखवस्तू व आनंदी होते. लहानपणी ॲन फार चंचल असून खेळ, मेजवान्या व मैत्रिणींची संगत यांत तिचे मन रमत असे. गावातील विद्यालयात तिचे शिक्षण झाले. सोळा वर्षांची असताना, १८०६ साली, तिच्या वृत्तीत मोठा पालट झाला. आपण देवाशिवाय जगत आहो ही टोचणी तिच्या मनास लागली आणि बऱ्याच दिवसांच्या अंतःकलहानंतर तिने आपले जीवित प्रभू येशू ख्रिस्ताच्या हाती सोपविले. पुढे काही वर्षे तिने शाळांतून मुलांस शिकविण्याचे काम केले. मूळचा उत्साह तसाच राहिला, मात्र त्यास आता दिशा मिळाली.

१८१० साली ब्रॅडफर्ड येथे मंडळ्यांची एक सभा भरली होती. त्या सभेस आलेल्या तरुणांत ॲडोनायरम जडसन हे होते. परदेशी जाऊन सुवार्ता सांगावी असा त्यांचा निश्चय झाला होता. ॲनला मागणी घालताना त्यांनी तिच्या वडिलांपासून काहीही लपवून ठेविले नाही. मुलगी एकदा गेली म्हणजे या जगात तिची पुन्हा भेट होईल अशी खात्री नाही, आणि उष्ण देशाचा ताप, दारिद्र्य, छळ व कदाचित अकाली मृत्यू तिच्या वाट्यास येईल, हे सर्व त्यांनी स्पष्ट लिहून कळविले. वडिलांनी निर्णय मुलीवर सोपविला आणि तिने होकार दिला. ५ फेब्रुवारी १८१२ रोजी उभयतांचा विवाह झाला आणि त्याच महिन्याच्या १९ तारखेस सेलम बंदरातून ‘कॅरव्हॅन’ नावाच्या जहाजाने ती दोघे हिंदुस्थानास निघाली. त्याच जहाजावर सॅम्युएल न्यूएल व त्यांची तरुण पत्नी हॅरिएट ही होती. हॅरिएट व ॲन या एकाच विद्यालयात शिकलेल्या मैत्रिणी होत्या.

जूनमध्ये जहाज कलकत्त्यास लागले. श्रीरामपूर येथे विल्यम केरी व त्यांचे सहकारी यांनी पाहुण्यांचे प्रेमाने स्वागत केले. बाप्तिस्म्याच्या प्रश्नाचा अभ्यास करून जडसन पतिपत्नींचे मत बदलले होते. म्हणून ६ सप्टेंबर १८१२ रोजी कलकत्त्यात विल्यम वॉर्ड यांच्या हातून दोघांनी बाप्तिस्मा घेतला. परंतु ईस्ट इंडिया कंपनीच्या सरकारास हे मिशनरी आपल्या मुलखात नको होते. त्यांस देश सोडून जाण्याचा हुकूम झाला. न्यूएल दांपत्य अगोदरच मॉरिशसकडे रवाना झाले होते. जडसन पतिपत्नी त्यांच्या मागून १८१३ च्या जानेवारीत तेथे पोहोचली, तो दुःखाची वार्ता त्यांची वाट पाहात होती. समुद्रावर असतानाच हॅरिएटला मुलगी झाली व ती पाच दिवसांतच वारली. हॅरिएटनेही क्षयाने झिजून ३० नोव्हेंबर १८१२ रोजी, अवघ्या एकोणीस वर्षांच्या वयात, देह ठेविला होता.

येथे क्षणभर थांबून वाचकांस एक गोष्ट सांगितली पाहिजे. पत्नी व मुलगी यांस गमावलेले हेच न्यूएल साहेब पुढे सिलोनमार्गे मुंबईस आले आणि गॉर्डन हॉल यांच्या जोडीने त्यांनी मराठी लोकांत काम केले. १८२१ साली पटकीच्या साथीत त्यांचा मुंबईसच अंत झाला. ज्या अमेरिकन मराठी मिशनने आपल्या प्रांतात शाळा काढल्या, त्याच्या आरंभीच्या इतिहासात समुद्रावर वारलेली एक पाच दिवसांची मुलगी आहे, हे आपणांपैकी फार थोड्यांस ठाऊक असेल.

जडसन पतिपत्नी मॉरिशसहून मद्रासेस आली. तेथेही राहू देतील असा भरवसा नव्हता आणि बंदरात दुसरे जहाज नव्हते. म्हणून रंगूनला जाणाऱ्या ‘जॉर्जियाना’ या जुनाट जहाजावर ती चढली. ॲनबाईंचे दिवस भरत आले होते. सोबतीस म्हणून घेतलेली एक युरोपियन बाई जहाज निघताच एकाएकी मरण पावली. खवळलेल्या समुद्रावर, वैद्य नाही, सुईण नाही, दुसरी स्त्रीदेखील जवळ नाही, अशा स्थितीत ॲनबाई बाळंत झाल्या. मूल मृत जन्मले. १३ जुलै १८१३ रोजी जहाज रंगूनला लागले तेव्हा त्यांच्या अंगी चालण्याचीही शक्ती नव्हती. त्यांस खुर्चीवर बसवून गावात न्यावे लागले. ज्या देशाच्या सेवेसाठी घरदार सोडले, त्या देशात त्यांचा प्रवेश असा झाला.

रंगून हे त्या वेळी चिखलाचे व बांबूच्या घरांचे गाव होते. केरी साहेबांचे पुत्र फेलिक्स यांनी वसविलेल्या मिशनच्या घरात जडसन दांपत्य राहू लागले. भाषा शिकण्यास ना कोश, ना धड व्याकरण. जडसन साहेब पंडिताजवळ बसून दिवसाचे दहा-बारा तास अभ्यास करीत. ॲनबाई घर चालवीत, बाजारहाट करीत, नोकरांशी बोलत, आणि त्यामुळे व्यवहारातील ब्रह्मी भाषा त्यांस पतीपेक्षाही लवकर बोलता येऊ लागली. ११ सप्टेंबर १८१५ रोजी त्यांस पुत्र झाला. धर्मस्वातंत्र्याचा पुरस्कर्ता रॉजर विल्यम्स याचे नाव त्यास ठेविले.

ज्यांनी परमुलखात एकाकी दिवस काढले असतील त्यांसच या मुलाची किंमत कळेल. घरात त्यांच्या भाषेचे दुसरे कोणी नव्हते. स्वदेशाहून येणाऱ्या पत्रांस महिनेच्या महिने लागत. बाळ शांत स्वभावाचे होते. वडील लिहीत बसले असता त्यांच्या मेजाजवळ चटईवर ते तासन् तास पडून राही; त्यांचे तोंड दिसले म्हणजे त्यास पुरे. वडील त्यास न उचलता पाळण्याजवळून निघून गेले तर दारापर्यंत त्याची नजर त्यांच्यामागे जाई आणि डोळ्यांत पाणी येई. गावातील ब्रह्मी लोकांस गोऱ्या मुलाचे मोठे कौतुक. रंगूनच्या सुभेदाराची पत्नी तर त्यावर विशेष लोभ करी.

बाळास रात्री थोडी कसर येऊन घाम सुटत असे. दिवसा ते खेळते असल्यामुळे दात येत असतील असे वाटून आईबापांनी फार चिंता केली नाही. पुढे खोकला व ताप वाढला. गावात वैद्यकी थोडीफार जाणणारा असा एक पोर्तुगीज धर्मगुरू होता. त्याने औषध दिले, पण गुण आला नाही. शेवटच्या रात्री बाळ जरा दूध प्याले आणि शांत झोपले. ४ मे १८१६ रोजी पहाटे झोपेतच त्याचा प्राण गेला. त्याचे वय अवघे आठ महिन्यांचे होते. त्याच दिवशी दुपारी आवारातील आंब्याच्या झाडांमध्ये त्यास पुरले. चाळीस-पन्नास ब्रह्मी व पोर्तुगीज शेजारी त्या लहानशा पेटीमागून चालत गेले.

या दुःखात ॲनबाईंस समाधान कसे मिळाले, हा आमच्या कथेचा मुख्य भाग आहे, आणि तो आम्ही सोपा करून सांगणार नाही. आपले दुःख त्यांनी झाकून ठेविले नाही. घरी लिहिलेल्या पत्रांत, आपले ऐहिक सर्वस्व गेले, घर ओसाड झाले, असे त्यांनी कबूल केले. श्रद्धावान माणसाने रडू नये असे त्यांस कधी वाटले नाही. मात्र रडतानाही त्यांनी देवाकडे पाठ फिरविली नाही. जो देव मूल देतो तो क्रूर नाही, आपणांस न समजणारे त्याचे हेतूही प्रेमाचेच असले पाहिजेत, आणि आपले बाळ नष्ट न होता त्याच्याजवळ सुरक्षित आहे, या तीन गोष्टींस त्यांनी घट्ट धरिले. दाविदाचे तान्हे मूल वारले तेव्हा तो उठला, स्नान करून परमेश्वराच्या मंदिरात गेला. मूल माझ्याकडे परत येणार नाही, मीच कधीतरी त्याच्याकडे जाईन, असे समजून त्याने अन्न घेतले. तीच आशा या मातेस पुरली.

त्यांनी आणखीही एक विचार मांडिला होता. आपण मुलावर इतके भाळलो की देवाचे स्थान त्याने घेतले, म्हणून देवाने त्यास नेले, असे त्या समजत. त्या काळच्या पुष्कळ भक्तिमान लोकांची अशीच समजूत होती. जडसनबाईंविषयी आमच्या मनात मोठा आदर आहे. तथापि हा विचार जसाच्या तसा आमच्या वाचकांस, विशेषतः शोकाकुल मातांस, देणे आम्हांस योग्य वाटत नाही. आईने मुलावर प्रेम केले हा अपराध नव्हे. प्रभू येशूने बालकांस जवळ घेऊन आशीर्वाद दिला, आणि मित्राच्या कबरेजवळ तो स्वतः रडला. त्याने त्या वेळी मार्था व मरिया यांस दोष दिला नाही. जडसनबाईंस ज्याने खरोखर तारिले तो त्यांचा आत्मदोष नसून त्यांचा विश्वास होता, असे आमचे मत आहे.

समाधानाचा दुसरा झरा अनपेक्षित ठिकाणी फुटला. मुलाच्या मृत्यूची बातमी ऐकून सुभेदाराची पत्नी आपल्या मोठ्या परिवारानिशी भेटीस आली. अंत्यविधीस येता यावे म्हणून आपणांस का कळविले नाही, असे तिने विचारिले. दुःखाने ते सुचलेच नाही, असे ॲनबाईंनी सांगितले. त्यांचे अश्रू पाहून ती बाई व तिच्याबरोबरच्या स्त्रियाही रडल्या. त्यानंतर काही दिवसांनी, मन थोडे हलके व्हावे म्हणून, तिने या दांपत्यास हत्तीवर बसवून गावाबाहेर रानातील एका बागेत नेले. एका विशाल वडाखाली चटया अंथरल्या होत्या. त्या राजस्त्रीने स्वतः फळे तोडली, आपल्या हातांनी ती सोलून दिली, फुले वेचून त्यांचे गुच्छ बांधले व पाहुणीच्या हाती ठेविले. ती बौद्ध धर्माची होती. तिने काही उपदेश केला नाही. तिने केले ते एवढेच. परंतु जडसनबाईंनी ही गोष्ट कृतज्ञतेने लिहून ठेविली आहे. देव सांत्वन करतो तेव्हा तो कोणाच्या हातांनी करील हे आपण ठरवू नये, हा धडा आम्हांस त्यातून मिळतो.

शोक संपण्याची वाट पाहात न बसता ॲनबाई पुन्हा कामास लागल्या. १८१६ सालीच छपाईयंत्र व मुद्रक येऊन पोहोचले आणि ब्रह्मी भाषेत पुस्तिका छापल्या जाऊ लागल्या. रविवारी ॲनबाई आसपासच्या स्त्रियांस जमवून शास्त्र वाचून दाखवीत व समजावीत. रंगूनमध्ये सयामी लोकही पुष्कळ होते. त्यांच्यासाठी त्या सयामी भाषा शिकल्या व मत्तयकृत शुभवर्तमानाचे त्या भाषेत भाषांतर केले. त्यांनी सयामीत आणलेली प्रश्नोत्तरावली १८१९ साली श्रीरामपूरला छापण्यात आली. मध्यंतरी, १८१७ च्या अखेरीस, जडसन साहेब समुद्रमार्गे चितगावकडे गेले ते कित्येक महिने बेपत्ता झाले. गावात पटकी पसरली, युद्धाच्या अफवा उठल्या. सहकारी जहाजावर चढले व त्यांच्या आग्रहाने ॲनबाईही चढल्या. परंतु पती परत आले तर घरी कोणी असावे, असे मनात येऊन त्या जहाजावरून उतरल्या आणि एकट्या मिशनच्या घरी परतल्या. थोड्याच दिवसांत, १८१८ च्या पावसाळ्यात, जडसन साहेब सुखरूप घरी आले.

सहा वर्षांच्या श्रमानंतर, २७ जून १८१९ रोजी, माउंग नाऊ या पहिल्या ब्रह्मी मनुष्याने बाप्तिस्मा घेतला. पुढल्याच वर्षी मा मेन्‌ला ही पहिली स्त्री मंडळीत आली. परंतु ॲनबाईंची प्रकृती ढासळली. १८२१ साली त्या बंगाल व इंग्लंडमार्गे अमेरिकेस गेल्या आणि तेथेही स्वस्थ न बसता ब्रह्मदेशातील कार्याचा वृत्तान्त लिहून त्यांनी प्रसिद्ध केला. १८२३ च्या अखेरीस त्या परत आल्या व पतीसह राजधानी आवा येथे गेल्या.

१८२४ साली इंग्रजांचे व ब्रह्मी राजाचे युद्ध जुंपले. परदेशी म्हणून जडसन साहेबांस ८ जून रोजी पकडून तुरुंगात घालण्यात आले. सुमारे सतरा महिने त्यांच्या पायांत बेड्या होत्या. ॲनबाई रोज अधिकाऱ्यांच्या दारी जात, विनवण्या करीत, पतीसाठी व इतर कैद्यांसाठी अन्न नेत. नव्या कराराच्या भाषांतराचे हस्तलिखित त्यांनी प्रथम जमिनीत पुरून ठेविले आणि नंतर एका उशीत शिवून तुरुंगात पोहोचविले. अशा दिवसांत, २६ जानेवारी १८२५ रोजी, त्यांस मुलगी झाली. तिचे नाव मराया. कैद्यांस आंगबिनले या खेड्यात हलविले तेव्हा तान्ही मुलगी कडेवर घेऊन त्या मागोमाग गेल्या. तेथे देवी व ताप यांनी घर गाठले. आईचे दूध आटले. तेव्हा पहारेकऱ्यास काही देऊन जडसन साहेबांस थोडा वेळ बाहेर सोडवून घेत, आणि बेड्या वागवीत ते मुलीस घेऊन गावातल्या लेकुरवाळ्या बायांच्या दारोदार फिरत. त्या परक्या मातांनी मरायास पाजिले, म्हणून ती जगली.

२४ फेब्रुवारी १८२६ रोजी यांदाबो येथे तह झाला व सर्वांची सुटका झाली. समुद्रकाठच्या ॲम्हर्स्ट या नव्या वसाहतीत जडसन कुटुंब राहावयास गेले. जडसन साहेब कामानिमित्त आवास गेले असता ॲनबाईंस पुन्हा ताप आला. शेवटल्या दिवसांत त्यांची शुद्ध हरपली होती. शुद्धीवर येत तेव्हा त्या मुलीची चौकशी करीत आणि तिचे वडील येईपर्यंत तिला जपावे असे जवळच्या बायांस सांगत. २४ ऑक्टोबर १८२६ रोजी, वयाच्या सदतिसाव्या वर्षी, त्यांचा अंत झाला. मराया आईमागून सहा महिन्यांनी, २४ एप्रिल १८२७ रोजी, गेली. ती सव्वादोन वर्षांची होती. दोघींस एकाच झाडाखाली शेजारी शेजारी पुरले आहे.

एकटे राहिलेल्या जडसन साहेबांविषयी खरे तेच सांगितले पाहिजे. ते लगेच सावरले नाहीत. काही काळ ते रानात झोपडी बांधून एकांतात राहिले. एक कबर खणून तिच्या काठी बसत. देवावर विश्वास आहे परंतु तो मला सापडत नाही, अशा अर्थाचे त्यांनी लिहिले. श्रद्धावान पुरुषाच्या आयुष्यातही असा अंधार येतो. पण त्या अंधारातही त्यांनी भाषांतराची लेखणी कायमची खाली ठेविली नाही. हळूहळू मन निवळले, आणि ३१ जानेवारी १८३४ रोजी संपूर्ण पवित्र शास्त्राचे ब्रह्मी भाषांतर त्यांनी पुरे केले. सुधारलेली आवृत्ती १८४० साली तयार झाली. ते भाषांतर ब्रह्मी ख्रिस्ती लोक आजही वाचतात. त्यातील नव्या कराराचा भाग त्याच उशीतून वाचला होता, हे आपण विसरू नये.

या चरित्रावरून आम्ही काय शिकावे? श्रद्धा असली म्हणजे मूल मरत नाही, असे नाही. श्रद्धा असली म्हणजे दुःख होत नाही, असेही नाही. जडसनबाईंच्या श्रद्धेने त्यांस एवढेच दिले की दुःखाच्या दुसऱ्या दिवशी कोणाकडे पाहावे हे त्यांस ठाऊक होते, आणि आपले बाळ चांगल्या हातांत आहे या खात्रीने त्यांस दुसऱ्यांच्या मुलांसाठी उठता आले. हे थोडके नव्हे.

आणि विद्यार्थिमित्रहो, तुम्हांसही यात एक काम आहे. तुमच्या वर्गातील कोणा मुलाचे लहान भावंड गेले आणि तो पुष्कळ दिवसांनी शाळेत आला, तर काय बोलावे हे न सुचून त्यास टाळू नका. त्याच्या बाकावर जाऊन बसा. तो कोणत्या धर्माचा आहे व तुम्ही कोणत्या, हे त्या वेळी मनात आणू नका. आपल्या डब्यातील फळ सोलून त्यास अर्धे द्या. रंगूनच्या त्या वडाखाली याहून अधिक काही घडले नव्हते, आणि एका मातेस ते जन्मभर पुरले.